चौरे डॉक्टरांचं दुपारचं सत्र

चौरे डॉक्टरांच्या सेमिनारला जायचं तर आधी चपला भिजवाव्या लागत. मंगल कार्यालयाच्या दारात, जिथे लग्नात अत्तर लावायला पोरी उभ्या असतात, तिथे ते पत्र्याचा एक पसरट ट्रे ठेवत. त्यात लाल औषधाचं पाणी आणि त्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट. प्रत्येकानं त्यावर दोन्ही पाय ठेवायचे आणि मगच आत जायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पायात नवी कोल्हापुरी होती. ट्रेला वळसा घालून मी हळूच आत सटकत होते, तेवढ्यात मागून डॉक्टरांचा शांत आवाज आला, "मॅडम, जंतूंना कोल्हापुरीसुद्धा चालते."

त्याच दिवशी उद्घाटनाला नंदुरबारहून एक मोठे साहेब आले. त्यांच्या शिपायानं ट्रे बाजूला सरकवायला सांगितला. डॉक्टर स्वतः जाऊन त्या ट्रेमध्ये उभे राहिले आणि साहेबांकडे हात पुढे करून म्हणाले, "या साहेब, दोघं बरोबरच आत जाऊ." साहेब क्षणभर थांबले, मग हसले आणि चकचकीत बुटांसह गोणपाटावर चढले. हॉलमधल्या लोकांनी त्या साहेबांचं भाषण ऐकलं की नाही कोण जाणे, पण त्यांचे लाल झालेले बूट सगळ्यांनी पाहिले.

मी मूळची म्हसावदची. नवापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आले तोवर कोंबडी म्हणजे मला गल्लीत मोकळी फिरणारी, कुणाच्याही उंबऱ्यावर चढणारी कोंबडीच माहीत होती. एका लांबलचक पत्र्याखाली हजारो पक्षी पिंजऱ्यांत बसून अंडी देतात, हे मी नवापुरात पाहिलं. माईकवर नीट बोलणारं कुणीतरी हवं म्हणून प्राचार्यांनी मला सूत्रसंचालनाला पाठवलं, आणि पुढे दरवर्षी ते काम माझ्याकडेच राहिलं.

डॉक्टर बुटके, सावळे, बारा महिने अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. नवापूरपासून जवळच्याच, कोकणी आदिवासींच्या एका पाड्यावरचे. घरी कोकणी, शेडमालकांशी अहिराणी आणि मराठी मिसळून, माझ्याशी शाळेतलं मराठी आणि औषध कंपन्यांच्या माणसांशी बहुतेक मौन, अशी त्यांची वाटणी होती. कोणत्याही शेडमध्ये शिरताना ते दारात थांबत, डोळे मिटत आणि काही वेळ नुसतं ऐकत. "आधी ऐकायचं. बघायला काय, नंतरही मिळतं," असं म्हणत. ही सवय इतकी मुरली होती की आमच्या घरी आले तरी ते उंबऱ्यात तसेच थबकत. माझ्या सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं की हा माणूस देवाचं नाव घेऊन आत येतो.

सेमिनार सुरू कसा झाला, ते मी त्यांच्याकडूनच ऐकलं. पुष्कळ वर्षांपूर्वी नवापुरात पहिल्यांदा बर्ड फ्लू आला, तेव्हा डॉक्टर तरुण होते. नुकताच दवाखाना टाकलेला. गावाचं नाव टीव्हीवर रोज येत होतं. ते सांगत, "कोंबड्या तर आधीपासून मरत होत्या, मॅडम. पण प्रत्येकाला वाटलं, फक्त आपल्याच शेडमध्ये मरताहेत. म्हणून प्रत्येकानं झाकलं. शेजारच्याला विचारलं तर तो म्हणायचा, आमच्याकडे सगळं ठीक. मीही कुणाला विचारलं नाही, कारण डॉक्टरनं विचारलं म्हणजे बभ्रा." सगळं गाव एकाच वेळी एकच गोष्ट लपवत होतं, आणि ते कळलं तेव्हा कोंबड्या उरल्या नव्हत्या.

त्या वेळी सगळं गमावलेल्यांत रमणभाई होते. तापीकाठच्या गुजर घरातले. केळी आणि ऊस भावांवर सोपवून त्यांनी नवापुरात शेड घातल्या होत्या. रिकाम्या शेडच्या ओट्यावर बसून दोघांनी ठरवलं की वर्षातून एकदा सगळ्या कोंबडीवाल्यांनी एकत्र बसायचं. पहिला सेमिनार रमणभाईंच्या खाद्याच्या गोदामात झाला. लोक मक्याच्या पोत्यांवर बसले होते. नवीन औषधं कळतील म्हणून आलेले, आणि डॉक्टर दिवसभर फक्त पाण्याच्या टाक्या कशा धुवायच्या, ते सांगत राहिले. पुढच्या वर्षी उन्हाळा आणि पंखे. त्याच्या पुढच्या वर्षी उंदीर. हळूहळू शाळेचा हॉल, मग मंगल कार्यालय, मग कंपन्यांचे फलक आणि पिशव्या आल्या. पुण्याहून एक तज्ज्ञ आले, तासभर इंग्रजीत बोलले. लोक चुळबुळ करायला लागले तसे डॉक्टर उठून म्हणाले, "साहेब सांगी ऱ्हायनात, नवी पिल्लं आनी जुना पक्षी एकाच शेडमा ठेवू नका." तज्ज्ञांनाही ते पटलं असावं, कारण हसून तेच वाक्य त्यांनी मोडक्या अहिराणीत पुन्हा म्हणून दाखवलं.

पण सेमिनारचा जीव होता तो दुपारच्या सत्रात. जेवणं झाली की डॉक्टर कंपन्यांच्या माणसांना चहाला बाहेर पाठवत आणि दार लोटून घेत. मग ज्याच्याकडे त्या वर्षी काही बिघडलं असेल त्यानं उठून सांगायचं. उपदेश नाही, टाळ्या नाहीत. हे सत्र सुरू झालं त्या वर्षी कुणी उठेना, तेव्हा रमणभाई उठले होते. "मका स्वस्त भेटनी म्हनीसन लिधी. डॉक्टर नई म्हने, तरी लिधी. बुरशी व्हती तिले. पक्षी मरनात. मन्हीच चूक." एवढं बोलून ते खाली बसले. पुढे मग एकेक जण उठायला लागला. लस उन्हात राहिली, कामगाराला ताप होता तरी शेडमध्ये पाठवलं, दुसऱ्याच्या शेडवर जाऊन तसाच आपल्या शेडमध्ये शिरलो. मी कोपऱ्यात बसून ऐकायची. मोठमोठी माणसं खाली बघत बोलायची. डॉक्टर शेवटी एकच वाक्य म्हणत, "मेलेला पक्षी झाकू नका. तुम्ही झाकता आणि तो शेजाऱ्याकडे चालत जातो."

हे सगळं इतकी वर्षं चाललं की आम्हाला वाटायला लागलं, नवापूर शहाणं झालं.

दुसऱ्यांदा रोग आला तो हिवाळ्यात. सेमिनार तोंडावर होता. वक्ते ठरवायला डॉक्टर आणि मी दुपारी रमणभाईंच्या ओट्यावर बसलो होतो. चहा घेता घेता रमणभाई सहज म्हणाले, "मांगला शेडमा थोडा पक्षी गयात. थंडी शे यंदा." डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "कधीपासून?" रमणभाई चहा ओतायला वळले, पण त्यांची बायको दारातून म्हणाली, "चार दिन व्हयनात." डॉक्टर उठले, गाडीतून अंगावर घालायचं प्लॅस्टिक काढलं आणि शेडकडे गेले.

परत आले तेव्हा ओट्यावर चढले नाहीत. अंगणातच लांब उभे राहिले. "रमण, तुरे निळे पडलेत. नमुने पाठवायला लागतील. आजपासून आत कुणाला सोडू नको. अंड्यांची गाडी थांबव."

"गाडी भरेल शे," रमणभाई म्हणाले. "दोन दिन थांबी जा, डॉक्टर. राणीखेत ऱ्हाई कदाचित, नेहमीनाच रोग."

"असेल. नमुन्यात कळेल."

"आनी दुसरंच निंघनं तं? मन्हा एकलाना नई, बठ्ठा गावना पक्षी मारतीन. माले तोंड दाखाडाले जागा ऱ्हावाव नई. दोन दिन मांगस मी तुले, बाकी काय मांगनू आजलोंग?"

डॉक्टरांचा चेहरा मला आजही दिसतो, कुणीतरी मारल्यासारखा. मग त्यांनी खिशातून फोन काढला. "मी तुझ्यासमोर फोन लावतोय, रमण. तुझ्या पाठीमागे नाही लावणार." आणि तिथेच अंगणात उभं राहून त्यांनी पशुसंवर्धनच्या कचेरीत कळवलं.

फोन संपल्यावर रमणभाई ओट्यावरून उतरले नाहीत, ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "मन्हा ओटावर बठीसन चहा पिना, आनी मन्हीच मान कापी. जाय आते."

नमुन्यात तेच निघालं. मग सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, जेसीबीनं खड्डे खणले, चुना आला. रमणभाईंच्या शेड आधी, मग भोवतालच्या. ज्यांच्याकडे एकही पक्षी आजारी नव्हता त्यांच्याही. काही जण शेडच्या दारात आडवे झाले. कामगार बाया पिंजऱ्यांपाशी बसून रडल्या. त्यांचं काम गेलं होतं. सुरत रस्त्यावरून जाताना पत्र्यांखालून जो एक सततचा कलकलाट ऐकू यायचा, तो थांबला. आणि प्रत्येक घरात एकच बोललं जात होतं की चौरे डॉक्टरनं फोन केला म्हणून हे झालं.

पक्षी मारायच्या सरकारी घेऱ्यात डॉक्टरांचा पाडाही येत होता. तिथे शेड नव्हत्या. घरोघरी पाच-सात गावठी कोंबड्या, एखादा कोंबडा. पथक गेलं तेव्हा बायांनी कोंबड्या टोपल्यांखाली आणि माळ्यावर लपवल्या. पथक हात हलवत परतलं. मग डॉक्टर स्वतः गेले. कॉलेजच्या मुलींना समजूत घालायला नेमलं होतं म्हणून मीही बरोबर होते.

ते पहिल्यांदा स्वतःच्या बहिणीच्या घरी गेले. सोमीबाई त्यांच्याहून बऱ्याच मोठ्या. आई लवकर गेली तेव्हा डॉक्टरांना त्यांनीच वाढवलं होतं. त्यांच्या अंगणात कोंबड्या होत्या आणि देवाला बोललेला एक लाल कोंबडा होता. दोघं कोकणीत बोलत होते, पण मला तोवर ती भाषा समजायला लागली होती.

"आजार मोठ्या शेडांमध्ये आलाय," सोमीबाई म्हणाल्या. "माझ्या दारातल्या का नेतोस?"

"हवेतून येतो, पायांना लागून येतो. तुझ्या कोंबड्यांना झाला तर घरातल्या पोरांनाही होऊ शकतो, बाई."

"हे तू त्या लोकांना सांगितलं होतंस? दरवर्षी मांडव घालून बोलतोस, तिथे?"

"सांगितलं होतं."

"आणि आम्हाला कधी सांगितलंस?"

पथकातली माणसं अंगणात कोंबड्यांमागे धावायला लागली. कोंबड्या कुडावरून उडाल्या, एक जण चिखलात पडला, पाड्यातली पोरं हसली. तेव्हा सोमीबाई म्हणाल्या, "थांबा." त्या आत गेल्या, मूठभर दाणे घेऊन आल्या, अंगणात टाकले आणि रोजच्यासारखी तोंडानं टिटकारी दिली. सगळ्या कोंबड्या लपल्या जागेतून पळत पळत त्यांच्या पायाशी आल्या. कोंबडासुद्धा. सोमीबाई वळल्या आणि आत निघून गेल्या. दार लोटलं. कोंबड्या डॉक्टरांनी स्वतःच्या हातांनी उचलल्या. त्यानंतर पाड्यात कुणी विरोध केला नाही. एकेक बाई आपापल्या टोपल्या उचलत गेली.

त्या वर्षी सेमिनार झाला नाही. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी मंगल कार्यालय ठरवलं, घरोघरी जाऊन बोलावणं केलं. लोक दारातूनच हो म्हणाले. त्या सकाळी मी माईक लावून उभी होते. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या ओळी, मागे कंपन्यांची चार-पाच माणसं आणि फार लांबच्या गावचे दोन नवे शेडवाले, ज्यांना काही माहीत नव्हतं. जेवण शंभरेक माणसांचं केलेलं. आचारी पुनःपुन्हा येऊन विचारत होता, वाढायचं कधी?

दुपारी डॉक्टर म्हणाले, "दार लावा मॅडम, सत्र घेऊ." मी म्हटलं, "डॉक्टर, कोण बोलणार?" ते माईकपाशी आले. एवढ्या वर्षांत त्या सत्रात ते कधीच स्वतःबद्दल बोलले नव्हते. म्हणाले, "माझं काय चुकलं ते सांगतो. फोन केला ते नाही चुकलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पण मी इतकी वर्षं शेडवाल्यांना बोलावलं. ज्यांच्या दारात पाच कोंबड्या आहेत त्यांना इथे कधी बोलावलं नाही. माझ्या बहिणीलाही नाही. मला वाटलं, त्यांचा काय धंदा, त्यांना काय सांगायचं. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो कोंबड्या न्यायला." एवढं बोलून ते खाली बसले. त्या दोन नव्या शेडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. उरलेलं जेवण आम्ही वसतिगृहात पाठवलं.

त्यानंतर त्यांनी सेमिनारचं नाव काढलं नाही. शेडवाल्यांनी गुजरातेतला दुसरा डॉक्टर बघितला, त्यामुळे दवाखानाही जवळजवळ बसला. रविवारी ते थर्मासमध्ये बर्फ आणि लस घेऊन मोटारसायकलनं पाड्यांवर जायला लागले. कुठल्या तरी झाडाखाली बसत, बाया कोंबड्या काखेत घेऊन येत, आणि लस टोचता टोचता ते हळू आवाजात बोलत. कधी कधी मीही जायची. पहिले काही महिने तर बाया यायच्याच नाहीत. त्यांना वाटायचं, हा टोचून मारतोय. डॉक्टर म्हणायचे, "बरोबर आहे त्यांचं. मागच्या वेळी मी काय घेऊन आलो होतो?" आणि थर्मास बंद करून पुढच्या पाड्याला निघायचे.

रमणभाई शेड विकून गुजरातेत व्याऱ्याला गेले होते. दिवाळीला डॉक्टर त्यांना फोन करत. रमणभाई उचलत, "हं, बरं शे," म्हणत आणि ठेवून देत. एकदा मला ते नवापूर स्टेशनवर भेटले, फलाटाच्या गुजरातकडच्या टोकाला, बाकावर. खूप वाळले होते. मीच विषय काढला. म्हटलं, "भाऊ, डॉक्टर अजून तुमनी वाट देखतस."

ते रुळांकडे बघत म्हणाले, "त्याना दिवशीबी माले माहीत व्हतं, तो बराबर शे. म्हनीसन तं राग उना, बहीण. तो चुकना ऱ्हाता तं मी कधळच माफ करी टाकता."

"मग हे त्यांले सांगा ना."

"सांगसू," ते म्हणाले. गाडी आली आणि ते गेले.

मी ते डॉक्टरांना सांगितलं. वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी एवढंच विचारलं, "तब्येत कशी होती त्याची?" वाळलेत, असं मी म्हटलं. त्या दिवशी पाड्यावर त्यांची सुई दोनदा हुकली. एका बाईनं तिची कोंबडी परत मागून घेतली आणि म्हणाली, पुढल्या रविवारी टोचा.

डॉक्टर गेले ते पावसाळ्यात. सकाळी छातीत दुखायला लागलं. सुरतला नेता नेता वाटेतच संपलं. अंत्यविधी पाड्यावर झाला. शहरातले शेडवाले थोडे आले, पाड्यांवरच्या बाया मात्र लांबलांबून चालत आल्या होत्या. रमणभाई आले, मागे उभे राहिले आणि कुणाशीही न बोलता गेले. यंदा हायवेवरच्या एका हॉटेलात नव्या मंडळींनी सेमिनार पुन्हा सुरू केला आहे. डॉक्टरांचा मोठा फोटो लावला होता. दुपारच्या सत्रात एका कंपनीनं आपलं यंत्र चालवून दाखवलं. मला सूत्रसंचालनाला बोलावलं होतं. मी नाही म्हणाले, पण जाऊन बसले आणि मधूनच उठून आले.

तिथून मी तशीच सोमीबाईंकडे गेले. त्या अंगणात बांबूची टोपली विणत होत्या. माझ्याशी त्या मोडकं मराठी बोलतात, मी त्यांच्याशी मोडकं कोकणी. कोंबड्या नेल्यापासून त्या भावाशी बोलल्या नव्हत्या, हे मला माहीत होतं. दर रविवारी डॉक्टर आधी तिथे जात, पडवीत बसत. त्या पाणी ठेवत, भाकरी ठेवत. ते खात आणि उठत. इतकी वर्षं.

मी काही विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, "राग तर कधीच गेला होता, बाई. पण इतके दिवस बोलले नव्हते ना. आता काय बोलायचं, ते सुचेना. आधी सुरुवात काय करायची?"

मी त्यांच्याशेजारी बसले. त्या थोडा वेळ विणत राहिल्या.

"शेवटच्या रविवारी उठताना तो म्हणाला, येतो. दर वेळी म्हणायचा. मी चुलीपाशी होते. त्या दिवशी मी आतून म्हटलं, ये." त्यांनी हातातली कांब खाली ठेवली. "हळूच म्हटलं. गाडी सुरू झाली होती त्याची. ऐकलं असेल का त्यानं?"

मी हो म्हणाले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मला वाटतं, मला काहीच माहीत नाही हे त्यांना कळलं. तरी मान हलवून त्या म्हणाल्या, "त्याचे कान चांगले होते," आणि उठून मला पाणी आणायला आत गेल्या.